गारोनच्या काठाने: बोर्दोचे शहर, द्राक्षमळे आणि समुद्र

बोर्दो म्हटले की वाइन, एवढे एकच समीकरण बहुतेकांच्या मनात असते आणि ते चुकीचेही नाही. परंतु हा प्रांत नीट पाहायचा असेल तर नदीपासून सुरुवात करावी, असे तिथे फिरून आल्यावर मला ठामपणे वाटते. पिरेनीज पर्वतातून येणारी गारोन आणि मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून येणारी दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दो शहराच्या उत्तरेला एकत्र येतात आणि तिथून पुढे समुद्रापर्यंत सुमारे ७५ किलोमीटर लांबीची जिरोंद नावाची खाडी पसरत जाते. पश्चिम युरोपातील ही सर्वांत मोठी खाडी. नदीने वाहून आणलेल्या गोट्यांवर इथली नामांकित द्राक्षे पिकतात, नदीतूनच आलेल्या दगडाने शहर उभे राहिले, आणि पिंपांतली वाइन जगभर गेली तीही याच पाण्यावरून. द्राक्षमळे, शहर आणि किनारा या तीन वेगळ्या सहली नाहीत, हे ध्यानात ठेवून आम्ही आठवड्याची आखणी केली होती.

सप्टेंबरच्या अखेरीस, द्राक्षतोडणीच्या हंगामात आम्ही निघालो. सोबत माझे वडील होते. नानांनी दिंडोरी तालुक्यात आयुष्यभर द्राक्षबाग सांभाळली. ते माळकरी असल्यामुळे मद्याला स्पर्श करत नाहीत. पण जिथल्या द्राक्षशेतीचे नाव जगभर घेतले जाते तिथली बाग एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावी, ही त्यांची फार वर्षांची इच्छा होती.

शनिवार: पॅरिस ते बोर्दो

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून सुटलेली टीजीव्ही ही अतिवेगवान रेल्वे दोन तासांहून किंचित अधिक वेळात बोर्दोच्या सें-ज्यां स्थानकात पोहोचली. जुलै २०१७ मध्ये नवा वेगवान मार्ग सुरू होण्यापूर्वी याच प्रवासाला तीन तासांहून जास्त लागत असत. स्थानकाबाहेरच ट्राम मिळते आणि ती थेट नदीकाठाने शहराच्या मध्यभागी नेते. ऐतिहासिक भागात या ट्रामच्या माथ्यावर विजेच्या तारा नाहीत. दोन रुळांच्या मधोमध बसवलेल्या पट्टीतून, गाडी ज्या तुकड्यावर असेल तेवढ्याच तुकड्यात वीज सोडली जाते. जुन्या इमारतींच्या दर्शनी भागावर तारांचे जाळे येऊ नये म्हणून २००३ मध्ये इतका खटाटोप करणाऱ्या शहराविषयी पहिल्याच तासात आदर वाटू लागला.

संध्याकाळी प्लास द ला बूर्स या चौकात गेलो. राजाचे वास्तुविशारद झाक गाब्रिएल यांनी १७३० च्या सुमारास या चौकाचे काम सुरू केले आणि त्यांचा मुलगा आंज-झाक याने ते १७५५ मध्ये पुरे केले. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, एकसारख्या उंचीचे मजले, खिडक्यांच्या कमानींवर कोरलेले मुखवटे आणि समोर वळण घेत जाणारी गारोन. या वळणामुळे बंदराला चंद्रकोरीचे बंदर म्हणतात आणि त्याच नावाने शहराचा मोठा भाग २००७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. मात्र १९९० च्या दशकापर्यंत या इमारती काजळीने काळ्या पडल्या होत्या आणि नदीकाठ गोदामांनी व मोटारींनी अडवलेला होता. दगड धुतले गेले, बहुतेक गोदामे हटली, काठ पायी चालणाऱ्यांना मिळाला, आणि २००६ मध्ये चौकासमोर 'मिरवार दो' म्हणजे पाण्याचा आरसा तयार झाला. सुमारे ३,४५० चौरस मीटर ग्रॅनाइटच्या फरशीवर जेमतेम दोन सेंटीमीटर पाणी चढते, त्यात चौकाचे प्रतिबिंब पडते, मग पाणी उतरते आणि फरशीतून धुके सोडले जाते. लहान मुले त्यात अनवाणी धावत होती. मला मात्र त्याहून अधिक लक्षात राहिला तो नानांचा प्रश्न. कठड्याशी उभे राहून गढूळ पाण्यावरचा ओंडका बराच वेळ न्याहाळल्यावर ते म्हणाले, "ही नदी उलटी वाहतेय का रे?"

"नाना, भरती आहे. समुद्र इथून शंभर किलोमीटर आहे, तरी भरतीचे पाणी इथपर्यंत चढते."

खरोखरच गारोन त्या वेळी दक्षिणेकडे, म्हणजे उगमाच्या दिशेने वाहत होती. भरती-ओहोटीत इथे पाण्याची पातळी पाच मीटरपर्यंत बदलते. जहाजांनी भरतीबरोबर आत यावे आणि ओहोटीबरोबर वाइन घेऊन बाहेर पडावे, असा शेकडो वर्षांचा व्यवहार या एका गोष्टीवर चालला.

रविवार: शहर

रविवारी सकाळी शार्त्रों भागात नदीकाठी बाजार भरतो. अंजिरे, चीज, ताजे, जाडजूड पाव आणि आर्काशोंहून आलेले कालव, लिंबाच्या फोडीसह जागेवरच उघडून दिलेले. शहराच्या जुन्या तटाबाहेर असल्यामुळे हा भाग परदेशी व्यापाऱ्यांचा झाला. इंग्रज, आयरिश, डच आणि जर्मन घराण्यांनी इथे वखारी बांधल्या आणि मळेवाल्यांकडून घेतलेली वाइन इथल्या तळघरांत मुरवून ती देशोदेशी पाठवली. बोर्दोची वाइन आजही बहुतांशी मळेवाला, दलाल आणि व्यापारी या तीन हातांतूनच बाजारात जाते.

इंग्लंडशी असलेले हे नाते समजायचे असेल तर सेंत-आंद्रे कॅथीड्रलमध्ये जावे. १०९६ मध्ये पोप दुसरा अर्बन याच्या हस्ते अभिषेक झालेल्या या वास्तूत ११३७ मध्ये, बोर्दो ज्यात येते त्या आक्वितेन प्रांताची वारस एलेनोर हिचा विवाह फ्रान्सच्या राजपुत्राशी, पुढच्या सातव्या लुईशी झाला. तो विवाह रद्द झाल्यावर तिने ११५२ मध्ये आंजूच्या हेन्रीशी लग्न केले आणि दोनच वर्षांत हेन्री इंग्लंडचा राजा झाला. अशा रीतीने हा संपन्न प्रांत इंग्रजी राजमुकुटाकडे गेला आणि १४५३ मधील कास्तियोंच्या लढाईपर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे, तिकडेच राहिला. इंग्लंडच्या राजांनी बोर्दोच्या व्यापाऱ्यांना करसवलती दिल्या, इंग्रजांना इथल्या लाल वाइनची सवय लागली आणि राज्य गेल्यावरही ती सवय गेली नाही.

दुपारी ग्रां तेआत्र पाहिले. व्हिक्टर लुई याने १७८० मध्ये पूर्ण केलेल्या या नाट्यगृहाच्या दर्शनी भागात बारा भव्य स्तंभ आहेत आणि त्यांच्यावर बारा पुतळे: नऊ कलादेवता आणि तीन देवी. आतील जिना पाहण्यासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. एका जिन्याला एवढी जागा आणि एवढा उजेड देणारा वास्तुविशारद विरळाच.

एवढे वैभव आले कुठून, हा प्रश्न इथे कोणालाही पडावा. त्याचे उत्तर केवळ वाइन नाही, आणि ते उत्तर म्युझे दाक्वितेन या संग्रहालयाने स्पष्टपणे मांडलेले आहे. अठराव्या शतकात बोर्दोची भरभराट झाली ती कॅरिबियनमधील सें-दोमिंग वसाहतीतून, म्हणजे आजच्या हैतीतून, येणाऱ्या साखर, कॉफी आणि निळीमुळे. आणि ही पिके आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमावर उभी होती. शिवाय प्रत्यक्ष गुलामांच्या व्यापारासाठीही बोर्दोहून सुमारे पाचशे जहाजी मोहिमा निघाल्या आणि एक लाखाहून अधिक माणसे त्यांतून नेली गेली. २००९ पासून या संग्रहालयात त्यासाठी कायमची दालने आहेत: जहाजांची प्रतिरूपे, हिशेबाच्या वह्या, मळ्यांचे नकाशे. तिथून बाहेर पडल्यावर आम्ही पुन्हा नदीकाठी गेलो आणि २०१९ मध्ये उभारलेला मोदेस्त तेस्तास हिचा पुतळा पाहिला. पूर्व आफ्रिकेत जन्मलेल्या या स्त्रीला बोर्दोच्या दोघा भावांनी विकत घेऊन सें-दोमिंगला नेले होते. आदल्या संध्याकाळी ज्या मुखवट्यांचे आम्ही कौतुक केले होते त्यांत एक चेहरा आफ्रिकी स्त्रीचा आहे, हे त्या दिवशी कळले. बोर्दोला जाणाऱ्याने हे संग्रहालय टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याशिवाय त्या सुंदर दगडांचे मोल कळत नाही.

सोमवार: मेदोक

नाना ज्या दिवसाची वाट पाहत होते तो हा दिवस. शहरातून उत्तरेकडे निघालेला डी-२ नावाचा रस्ता खाडीला समांतर जातो आणि मार्गो, सें-ज्युलियां, पोइयाक, सेंत-एस्तेफ ही गावे एकामागून एक येतात. गावे लहान, शांत, जवळजवळ निर्मनुष्य. मात्र दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथपर्यंत द्राक्षांच्या ओळी आणि मधूनच एखादा शातो, म्हणजे मळेवाल्याचा वाडा.

नानांनी गाडी थांबवायला सांगितली आणि पहिल्याच ओळीशी ते खाली बसले. आमच्याकडे वेल मांडवावर किंवा 'वाय' पद्धतीच्या तारांवर डोक्याएवढ्या उंचीवर चढवलेला असतो. इथे खोड गुडघ्याएवढे आणि घड जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर. आमच्याकडे एकरी नऊशे ते हजार वेली असतात, तर मेदोकच्या नामांकित बागांत हेक्टरी दहा हजार, म्हणजे एकरी चार हजार. ठिबकची नळी कुठेही नाही. प्रौढ बागेला सहसा पाणी दिलेच जात नाही. पावसावर आणि जमिनीतील ओलीवर सगळे पीक. "मग माती कुठली?" म्हणत नानांनी मुठीत घेतले तर हाताला लागले ते गुळगुळीत गोटे आणि वाळू. हीच मेदोकची संपत्ती. लाखो वर्षांपूर्वी नदीने पसरलेल्या या गोट्यांचे सौम्य उंचवटे झाले आहेत, त्यांतून पाण्याचा निचरा झपाट्याने होतो, मुळे खोल जातात, आणि दिवसभर तापलेले गोटे संध्याकाळी जमिनीलगतच्या घडांना ऊब देतात. उशिरा पिकणाऱ्या काबेर्ने सोव्हिन्यों या वाणाला ती ऊब हवीच असते. उत्तम बागांना नदी दिसते, असे मेदोकमध्ये पूर्वापार म्हटले जाते. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी पाट काढून दलदल आटवली नसती तर यातली पुष्कळ जमीन लागवडीखाली आलीच नसती.

मार्गोजवळच्या एका मध्यम आकाराच्या बागेत आम्ही भेटीची वेळ आधी ठरवून घेतली होती. मेर्लो या वाणाची तोडणी चालू होती. काबेर्नेला आणखी आठ-दहा दिवस होते. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी नानांना निवडीच्या पट्ट्याशीच उभे केले. देठापासून मणी वेगळे होतात, खराब मणी हाताने काढले जातात, मग टाकीत सालीसकट आंबवण. साल रसात राहते म्हणून रंग येतो आणि तुरटपणाही. त्यानंतर ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरवण. वाइन निवळण्यासाठी काही ठिकाणी अजूनही एका पिंपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालतात. उरलेल्या पिवळ्या बलकाचे करायचे काय, यातून शहरात कानले नावाचा, रम आणि व्हॅनिलाचा वास असलेला, बाहेरून जळकट तपकिरी आणि आतून मऊ असा केक जन्मला, असे सांगतात. नानांनी वाइनप्रमाणे कानलेही वर्ज्य मानला. मी दोन्ही चाखले. कोवळ्या वाइनचा तुरटपणा जिभेवर रेंगाळणारा होता आणि जुन्या वर्षाची त्याच बागेची वाइन ओल्या मातीच्या, देवदाराच्या वासाची, मऊ झालेली. दोन वर्षांच्या हवामानातला फरक दोन पेल्यांत इतका स्पष्ट कळू शकतो, हे मला पूर्वी पटले नसते.

नाना मात्र वेगळ्याच विषयावर बोलत होते. त्यांनी बाईंना केवडा या बुरशीजन्य रोगाबद्दल विचारले आणि मी भाषांतर करत राहिलो. १८७८ मध्ये अमेरिकेतून हा रोग फ्रान्समध्ये आला आणि बागा उजाड होऊ लागल्या. १८८२ मध्ये बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे सें-ज्युलियां गावातून जात असताना त्यांना दिसले की रस्त्याकडेच्या ओळींची पाने शाबूत आहेत आणि आतली गळून गेली आहेत. चौकशीत कळले की जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडले होते. ती बाग द्यूक्रू-बोकायू या शातोची. मियार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गेयों यांच्यासह प्रयोग करून १८८५ मध्ये ते जाहीर केले. आपल्याकडे द्राक्ष, संत्रे, डाळिंब, सुपारी अशा कितीतरी बागांवर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण ते हेच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, आणि लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का हे पाहणे, ही कृती नानांनी पन्नास वर्षे केलेली. दुपारी त्या शातोच्या वेलींजवळच्या रस्त्यावर आम्ही उभे होतो तेव्हा त्यांनी पायांतल्या चपला काढून ठेवल्या. त्यांना ते स्थान तीर्थासारखे वाटले, आणि ते मला पूर्णपणे समजले.

त्याच काळात फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपभरच्या बागा नष्ट केल्या आणि अमेरिकी खुंटांवर कलमे केल्यावरच त्या सावरल्या. नानांच्या बागेतला डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेतलाच. सध्या युरोपीय संघाने तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, कारण तांबे जमिनीत साचत जाते. नानांनी ही माहिती वहीत उतरवून घेतली.

१८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीविषयीही थोडे सांगायला हवे. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने मागितलेली ही यादी बोर्दोच्या दलालांनी तयार केली, आणि ती चव घेऊन ठरवली गेली नव्हती. वर्षानुवर्षे कोणत्या बागेला काय भाव मिळत आला, यावरून पाच श्रेणी पाडल्या गेल्या. तिच्यात महत्त्वाचा बदल झाला तो एकदाच, १९७३ मध्ये मूतों-रोथशिल्ड पहिल्या श्रेणीत गेले तेव्हा. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या बाजारभावावर आजचे भाव ठरावेत, हे मला न्याय्य वाटत नाही. यादीबाहेरच्या बागांत मेहनतीने केलेली उत्तम वाइन निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि पाहुण्यांशी बोलायला तिथल्या लोकांना वेळही असतो.

मंगळवार: सेंत-एमिलिओं

बोर्दोहून पूर्वेकडे पाऊण तासाच्या आत रेल्वे सेंत-एमिलिओंला पोहोचते. वाटेत कितीतरी शेते मोकळी दिसली, ओळीच्या ओळी उपटून काढलेल्या. लाल वाइनची मागणी घटत चालल्यामुळे २०२३ मध्ये आणलेल्या योजनेत हेक्टरी सहा हजार युरो देऊन इथल्या वेली काढवल्या गेल्या. नाना खिडकीतून पाहत राहिले. दिंडोरी-निफाडकडेही अवकाळी पावसाने आणि कर्जाने थकून लोकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली आहे, पण तिथे त्यासाठी कोणी पैसे देत नाही, एवढेच ते म्हणाले.

स्थानकापासून गाव सुमारे अर्धा कोस चालत. वाट द्राक्षमळ्यांतूनच जाते. हा दोर्दोन्यचा प्रदेश, चुनखडी आणि चिकणमातीचा, म्हणून इथे राज्य मेर्लोचे. आठव्या शतकात ब्रिटनी प्रांतातून आलेला एमिलिओं नावाचा तपस्वी इथल्या कपारीत राहिला. पुढे त्याच्या अनुयायांनी अकराव्या-बाराव्या शतकात अखंड खडक पोखरून चर्च कोरले. वेरूळ पाहिलेल्या माणसाला कोरीव वास्तूचे नवल वाटणार नाही, असे मी समजत होतो. तरीही तो अंधारा, सुमारे ३८ मीटर लांबीचा दालनसमूह पाहून मी स्तब्ध झालो. माथ्यावरच्या मनोऱ्याच्या भाराने खालचे खांब खचू लागल्यामुळे त्यांना लोखंडी पट्ट्यांचा आधार दिलेला आहे. तिथे वाटाड्यासहच प्रवेश मिळतो.

गावाखाली मैलोन्‌मैल खाणींचे बोगदे आहेत. बोर्दोच्या इमारतींसाठी दगड काढून काढून ते तयार झाले, दगड दोर्दोन्यवरून नावांत गेला आणि रिकाम्या झालेल्या खाणी वाइन मुरवायला उपयोगी पडल्या. ११९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने सनद दिलेली 'झ्युराद' ही संस्था लाल झगे घालून दर सप्टेंबरात मनोऱ्यावरून तोडणीचा पुकारा करते. १९९९ मध्ये हा सगळा द्राक्षप्रदेश जागतिक वारसा ठरला. इथली वर्गवारी, मेदोकच्या उलट, ठरावीक वर्षांनी नव्याने होते आणि तीवरून वाद होतात; ओझोन आणि शव्हाल ब्लां या दोन सर्वोच्च बागा तर त्यातून बाहेरच पडल्या. गल्ल्यांतून वाइनच्या दुकानांची गर्दी फार आहे, पण दुपारी चारनंतर पर्यटकांच्या बसगाड्या गेल्या की गाव पुन्हा गावासारखे होते.

बुधवार: पाऊस

दिवसभर पाऊस होता, म्हणून २०१६ मध्ये उघडलेल्या सिते द्यु व्हां या वाइन-संग्रहालयात गेलो. नदीकाठची ती वळणावळणाची चमकदार इमारत बाहेरूनच अधिक आकर्षक वाटली. आतली पडद्यांवरची माहिती भरपूर आहे, पण मळ्यात दोन दिवस घालवलेल्या माणसाला ती दुय्यम वाटते. तिकिटातच आठव्या मजल्यावर एक पेला वाइन मिळते आणि मद्य न घेणाऱ्यांना द्राक्षरस. नानांनी रस घेतला, गोडी बरोबर आहे असा अभिप्राय दिला, आणि आम्ही पावसातली नदी पाहत बसलो.

गुरुवार: आर्काशों आणि वाळूचा डोंगर

बोर्दोहून पश्चिमेला पन्नास मिनिटांच्या रेल्वे प्रवासाने आर्काशों येते. १८५७ मध्ये रेल्वे इथे पोहोचली आणि त्याच वर्षी गावाला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. टेकडीवरचा 'हिवाळी शहर' नावाचा भाग क्षयरोग्यांसाठी आणि धनिकांसाठी पेरेर बंधूंनी वसवला. पाइनच्या झाडांमध्ये लाकडी नक्षीच्या गच्च्यांचे, एकसारखा दुसरा नाही असे बंगले आहेत.

बाहेरचा समुद्र खवळलेला असला तरी आर्काशोंचा उपसागर शांत असतो. ओहोटीला त्याचा मोठा भाग उघडा पडतो आणि कालवांच्या ओळी दिसू लागतात. चुन्याचे लेपण दिलेल्या कौलांवर कालवांची पिल्ले बसवायची, मग ती सोडवून जाळीच्या पिशव्यांत तीनेक वर्षे वाढवायची, अशी ही शेती. नाना कालवाला हात लावणार नव्हते, तरी गुजां-मेस्त्राच्या धक्क्यावर त्यांनी एका कालव-शेतकऱ्याला रोपवाटिकेपासून बाजारभावापर्यंत सगळे प्रश्न विचारले. १८६८ मध्ये वादळात सापडलेल्या एका जहाजाने पोर्तुगीज कालव जिरोंदच्या खाडीत टाकून दिले आणि ते इथे फोफावले. शंभर वर्षांनी रोगाने ते संपले आणि जपानहून नवे बीज आणावे लागले. "म्हणजे खुंट बदलावा लागला," असे नाना म्हणाले आणि भाषांतर ऐकून तो शेतकरी मोकळेपणाने हसला. थंडगार कोरड्या पांढऱ्या वाइनबरोबर मी सहा कालव खाल्ले. खारट, किंचित गोडसर. कोकणातल्या कालवणाची चव डोक्यात ठेवून कोणी तिथे जाऊ नये, हा पदार्थच निराळा.

दुपारी द्यून द्यु पिला. युरोपातील ही सर्वांत उंच वाळूची टेकडी: उंची शंभर मीटरच्या वर-खाली, लांबी जवळपास तीन किलोमीटर. वारा वाळू उचलून पूर्वेकडे टाकतो आणि टेकडी दर वर्षी काही मीटर आत सरकत जंगल गिळत जाते. हंगामात लावलेल्या जिन्याने आम्ही सावकाश वर चढलो. एका हाताला अटलांटिक, आर्गें नावाचा वाळूचा पट्टा आणि समोर काप फेरेचे भूशिर. दुसऱ्या हाताला क्षितिजापर्यंत पाइनचे वन. हे लांदचे अरण्य नैसर्गिक नाही. पूर्वी इथे दलदल आणि माळरान होते, मेंढपाळ उंच काठ्यांवर चालत मेंढ्या राखत. एकोणिसाव्या शतकात सरकारने वाळू थोपवण्यासाठी आणि पाणी शोषण्यासाठी पाइन लावले आणि सुमारे दहा लाख हेक्टरांचे अरण्य उभे राहिले. जुलै २०२२ च्या वणव्यात टेकडीच्या पायथ्याचे हजारो हेक्टर जळाले; काळी खोडे काढून टाकलेला तो भाग वरून स्पष्ट दिसतो आणि त्यात नवी हिरवळ धरू लागली आहे. समुद्राकडच्या उतारावर वाळूत काळे थर दिसतात. ती हजारो वर्षांपूर्वीची जमीन, जिच्यावर तेव्हाही झाडे होती.

शुक्रवार: कोर्दुआं

मेदोकच्या अगदी टोकाला, ले वेर्दोंहून बोटीने खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोर्दुआं दीपगृहाकडे गेलो. किनाऱ्यापासून सुमारे सात किलोमीटरवर, वाळूच्या दांड्यांनी वेढलेल्या खडकावर ते उभे आहे. वाइन नेणारी कितीतरी जहाजे या दांड्यांवर फुटली, म्हणून चौदाव्या शतकात इंग्रजांनीच इथे एक मनोरा बांधला होता. आजच्या वास्तूचे काम लुई द फुआ याने १५८४ मध्ये सुरू केले आणि ते १६११ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, पुरे झाले. पहिल्या मजल्यावर राजासाठी दालन आहे, जिथे कधीच कोणी राजा आला नाही. दुसऱ्यावर संगमरवरी फरशीचे प्रार्थनामंदिर. १८२३ मध्ये दिव्याचा प्रकाश दूरवर फेकणारे फ्रेनेलचे भिंग पहिल्यांदा बसवले गेले ते इथेच, आणि नंतर जगभरच्या दीपगृहांनी ते स्वीकारले. २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या दीपगृहात आजही रखवालदार वस्तीला असतात.

बोटीतून उतरल्यावर शेवटचा टप्पा ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूतून, घोट्याएवढ्या पाण्यातून पायी करायचा असतो. नाना धोतर खोचून माझ्यापुढे चालत होते. ३०१ पायऱ्यांपैकी प्रार्थनामंदिरापर्यंतच्या चढून ते तिथे थांबले आणि मी वर गेलो. गढूळ तपकिरी खाडी आणि हिरवट समुद्र यांच्यातली सीमारेषा वरून लख्ख दिसते. शनिवारी चौकासमोरून उलटे जाणारे पाणी याच दारातून आत शिरले होते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना. बोर्दोत बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि पुष्कळ शातो रविवारी, म्हणून आम्ही केला तसा क्रम सोयीचा पडतो. तोडणीच्या दिवसांत शातोतील माणसे कामात असतात. भेटीची वेळ काही आठवडे आधी मागावी. ज्यांना निवांत बोलायचे आहे त्यांनी मे-जून निवडावा, मात्र तेव्हा घड दिसणार नाहीत. शाकाहारी माणसाची शार्त्रोंच्या आणि काप्युसेंच्या बाजारात फळे, चीज, पाव आणि भाज्यांवर उत्तम सोय होते. कोर्दुआंच्या बोटी साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच चालतात आणि त्यांच्या वेळा ओहोटीप्रमाणे रोज बदलतात; तेव्हा सर्वांत आधी ती तारीख निश्चित करावी आणि बाकीचे दिवस तिच्या अनुषंगाने लावावेत.